सोमवारचा दमा

लालबागला गिरणीचा भोंगा वाजत होता, त्या काळात आमच्या चाळीत वार ओळखायला कॅलेंडर लागत नसे. सोमवारी पाळी सुटली की कापूस पिंजायच्या खात्यातली माणसे जिना चढताना मध्येच थांबत. कठड्याला धरून दम खात. माझे अब्बा त्यांतलेच एक. गुरुवारपर्यंत त्यांची छाती मोकळी होई. दवाखान्यात सांगण्यात आले, ‘विडी सोडा.’ अब्बांनी आयुष्यात कधी विडी ओढली नव्हती.

त्या दम्याचे नाव मला फार उशिरा कळले: बिसिनोसिस. कापसाबरोबर येणारी पानाबोंडांची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की तो जडतो. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती आवळते, मग हळूहळू सैल पडते. पुढे पुढे मात्र आठवडाभर सुटका नसते. आता सोमवारी त्रास व्हायचा, तर आधी रविवारची सुट्टी हवी! ती कोणी मिळवून दिली, हे शोधता शोधता मी कारखान्यांचे जुने कायदे वाचत गेलो. मी वकील नव्हे. पण मात्रा मोजायची सवय असलेल्या माणसाला त्यांत एक आकडा पुन्हा पुन्हा दिसला.

मुंबईत ताडदेवची पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. पहिला फॅक्टरी कायदा आला १८८१ साली. त्यामागे कळवळा होता, तसा मुंबईच्या स्वस्त सुताला घाबरलेल्या लँकेशायरच्या मालकांचा स्वार्थही होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नये आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालावे, असे तो सांगत होता. पण कोणत्या कारखान्यात? जिथे किमान १०० माणसे आहेत, तिथे.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी निवेदनावर सह्या-अंगठे केले. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. रविवार १८९० साली मिळाला. नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडले. लोखंडे १८९७ सालीच प्लेगने गेले होते.

दरम्यान तो आकडा उतरत होता. १८९१ च्या कायद्यात ५०, १९२२ मध्ये २०. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्यात, वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी, १०. धूळ जिथे उठते तिथेच ती ओढून घ्यावी, असेही या कायद्याने बजावले. पुढे भरपाई मिळणाऱ्या रोगांच्या यादीत बिसिनोसिसही आला. पण अब्बांनी कधी अर्ज केला नाही. आपल्या दम्याला नाव आहे हेच ज्याला माहीत नाही, तो अर्जात लिहिणार काय?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी थंडावली. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी आज टॉवर आहेत. पण कापड विणायचे कोणी थांबवले नाही. भिवंडीच्या छोट्या छोट्या शेडमध्ये यंत्रमाग खडखडतच राहिले. तिथे एका छपराखाली किती माणसे असतात, ते एकदा जाऊन मोजावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. तिच्यात चांगल्या गोष्टी आहेत. वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे. काही कलमे दहा कामगारांच्या आस्थापनेलाही लागू होतात. पण विजेवर चालणारा ‘कारखाना’ ठरायला आता पुन्हा २० माणसे लागतात. १९२२ चाच आकडा!

लोखंड्यांनी सह्या गोळा केल्या, त्या आपण किती आहोत हे दाखवण्यासाठी. कायदाही आधी तेच विचारतो: तुम्ही किती? कापसाची धूळ मात्र छातीत शिरण्याआधी माणसे मोजत बसत नाही.