पांजरपोळ, लागा आणि सेवेकरी

मुंबईतील पांजरपोळीचा इतिहास आजवर बहुधा दातृत्वाचा इतिहास म्हणून सांगितला गेला आहे. जागा कोणी दिली, निधी कोणी उभारला, विश्वस्त कोण होते, यांची नोंद आदराने घेतली जाते. लंगड्या बैलाची जखम धुणारे आणि शेण ओढणारे हात कोणाचे होते, याची चौकशी सहसा होत नाही. प्रस्तुत टिपणात या दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे. प्राण्यांच्या आश्रयस्थानी विनावेतन सेवा करावी की करू नये, हा आज सुशिक्षित तरुणांपुढे येणारा प्रश्न त्यावाचून नीट मांडता येत नाही, असे आम्हांस वाटते.

संस्थेच्या उगमाविषयी थोडी सावधगिरी आवश्यक आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यचिकित्सा व पशुचिकित्सा अशा दोहोंचा उल्लेख आहे; त्यावरून पांजरपोळीची परंपरा थेट मौर्यकाळास नेऊन भिडविण्याचा मोह पुष्कळांना होतो. मधल्या दीड हजारांहून अधिक वर्षांचा सांधा दाखविल्यावाचून तसे करणे धाडसाचे होय. भक्कम पुरावा मिळतो तो गुजरातेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राल्फ फिच याने आणि १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने खंबायत येथील पशुपक्ष्यांच्या रुग्णालयांचे वर्णन केले आहे. गुजराती वणिक मुंबईस आले तेव्हा त्यांच्याबरोबर महाजन ही संघटनाही आली आणि जीवदयेची ही रीतही आली.

तथापि मुंबईच्या पांजरपोळीचे तात्कालिक कारण गाय नव्हे, कुत्रा होते. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याची सरकारी मोहीम पूर्वीपासून चालू होती. १८३२ मध्ये तिची मुदत वाढविण्यात आली आणि कुत्र्यामागे आठ आण्यांचे इनाम होते. इनामाच्या लोभाने घरांतील कुत्रीही ओढून नेली जातात, अशी तक्रार होऊ लागली. ६ जून रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, कोटात कुत्री मारणाऱ्यांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, कुलाब्याच्या लष्करी छावणीची रसद अडविली गेली आणि अखेर फौज बोलवावी लागली. वेंदिदादात कुत्र्याला असलेले स्थान आणि पारशी अंत्यविधीतील ‘सगदीद’ ध्यानी घेतल्यास पारशांचा क्षोभ समजतो. परंतु हिंदू व जैन व्यापारीही या बंदात सामील झाले, हे अधिक महत्त्वाचे आहे. जेसी पाल्सेशिया यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दंग्याकडे वसाहती सत्ता व शहरातील शेटिये यांच्या संबंधांची कसोटी म्हणून पाहिले आहे, ते योग्यच आहे.

दंगा शमविताना कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत, असा तोडगा पुढे आला. न्यावयाची तर ठेवावयाची कोठे? १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई, मोतीशा शेठ आदी व्यापाऱ्यांनी स्थापिलेली पांजरपोळ हे त्याचे उत्तर होते. तिचा खर्च चालविण्यासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा बसवून घेतला. हा लागा मनाच्या उमाळ्यावर अवलंबून नव्हता. वर्षभर व्यापार चालला की वर्षभर चारा चालला. दात्याला त्या दिवशी दया आली किंवा न आली, याने जनावराच्या पोटात फरक पडत नसे. संस्थात्मक दयेचा यापेक्षा व्यवहार्य पाया त्या काळी दुसरा सापडणे कठीण आहे. जमशेटजींच्या संपत्तीत चीनकडे जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता, ही गोष्ट येथे नमूद करून पुढे जाऊ. तिचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

लाग्यामुळे पैसा आला, देखरेखीस विश्वस्त आले. काम मात्र पगारी माणसांनी केले. दाता आणि जनावर यांच्यामध्ये मुनीम होता आणि मुनिमाच्या पलीकडे गोठ्यातला गडी होता. जैन किंवा वैष्णव गृहस्थाने पांजरपोळीस देणगी देणे हे पुण्य होते. त्याने स्वतः खराटा हाती घ्यावा, अशी अपेक्षा या पुण्यकल्पनेत नव्हती. महाराष्ट्रात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. गावगाड्यात मेलेली जनावरे ओढण्याचे काम महारांवर जन्मानेच लादले गेले होते, आणि ते नाकारणे हा पुढे मुक्तीच्या लढ्याचाच भाग झाला. जनावराची सेवा हा शब्द उच्चारताना, एकाला जे पुण्य म्हणून निवडता येते ते दुसऱ्यावर सक्ती म्हणून आलेले होते, हे विसरून चालणार नाही.

१८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्लेशनिवारक मंडळी स्थापन झाली आणि १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले. त्याच्याशी निगडित पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये निघाले. कायदा, निरीक्षक व पदवीधर वैद्य हे येथले नवे घटक. स्वयंसेवक अजून नव्हता.

त्याच्या जवळ जाणारा विचार १९२६ मध्ये गांधीजींनी मांडला. अहमदाबादेतील एका गिरणीच्या आवारात साठ मोकाट कुत्री मारली गेली. गिरणीमालकाने त्यांचा सल्ला घेतला असता त्यांनी त्या कृत्यास दोष दिला नाही. त्यावर जो गहजब उडाला त्याला त्यांनी ‘यंग इंडिया’तून लेखमाला लिहून उत्तर दिले. रस्त्यावर तुकडे टाकणे ही दया नव्हे. बेवारशी कुत्रा हे समाजाच्या बेजबाबदारीचे लक्षण आहे. ज्याला खरोखर कळवळा आहे त्याने कुत्रा पाळावा, किंवा कुत्र्यांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेला आपले धन व लक्ष द्यावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्यांचा मारण्याबाबतचा निष्कर्ष आज आम्हांस मान्य करता येणार नाही, कारण लस व निर्बीजीकरण हे मार्ग त्या काळी अशा प्रमाणावर उपलब्ध नव्हते. पण क्षणिक भावना आणि पत्करलेली जबाबदारी यांत त्यांनी केलेला भेद टिकून राहतो.

२००१ च्या प्राणिजन्मनियंत्रण नियमांनी कुत्री पकडावी, निर्बीज करावी, लस टोचावी व त्याच जागी सोडावी, ही पद्धत देशभर घालून दिली. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्री आश्रयस्थानांत ठेवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात, आक्रमक व पिसाळलेली वगळून, ती परत सोडण्यास अनुमती देणारा बदल केला. ‘ठेवावयाची कोठे’ हा १८३२ चा प्रश्न न्यायालयापुढे पुन्हा उभा राहिला. शस्त्रक्रियेनंतरची देखरेख, पिंजऱ्यांची सफाई, पिलांना दूध पाजणे या कामांना लागणारे हात नुसत्या वेतनावर पुरत नाहीत. म्हणून विनावेतन येणाऱ्यांची मागणी होते.

आमच्या विभागातील काही विद्यार्थ्यांपुढे अशीच मागणी आली, आणि जावे की न जावे याविषयी त्यांनी आमचे मत विचारले. इतिहासाच्या अभ्यासकाने असा सल्ला द्यावा काय, याविषयी मतभेद होईल. आम्ही त्यांच्यापुढे लाग्याचे उदाहरण ठेवले. जनावर रविवारी खाते तसे परीक्षेच्या आठवड्यातही खाते. जो येतो म्हणून येत नाही, त्याच्या वाट्याचे काम पगारी गड्यावर पडते, आणि तो गडी आधीच सर्वांत कमी मोबदल्यात सर्वांत अधिक राबत असतो. तेव्हा आपण गेल्याने त्याचा भार हलका होणार की त्याची जागाच जाणार, हे संस्थेला आधी विचारावे. काम कोण शिकविणार, चावा बसल्यास व्यवस्था काय, हेही विचारावे. पिसाळीचा रोग एकदा प्रकट झाला की जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक असतो. पूर्वप्रतिबंधक लस घेतल्यावाचून पिंजऱ्यात हात घालू देणारी संस्था जनावरांच्या बाबतीतही तितकीच निष्काळजी असण्याचा संभव आहे.

एका विद्यार्थिनीने विचारले की, ज्याच्याजवळ वेळ नाही पण थोडे पैसे आहेत त्याने जाऊन काय करावे? त्याने जाऊ नये, दरमहा द्यावे, असे आम्ही सांगितले. मोतीशा शेठांनी गोठा झाडल्याचे कोणी म्हणत नाही. उलट एकाने, ज्याच्या आजोबांनी गावकीतील जनावरे ओढण्याचे काम सोडले होते, या कामाला जाणार नाही असे स्पष्ट सांगितले. त्या नकाराला जीवदयेचा अभाव म्हणणे इतिहासाचे अज्ञान ठरेल, असे आम्ही इतरांना बजाविले.

सात जणांपैकी तिघांनी आठवड्यातील दोन सकाळ, किमान एक वर्षासाठी, असे लेखी मान्य केले. तिघांनी मासिक वर्गणी बांधून घेतली. लस टोचून होईपर्यंत पहिल्या तिघांना चाऱ्याचा व औषधांचा हिशेब लिहिण्याचे काम मिळाले आहे.