माहेरच्या शिदोरीवर थाटलेलीं दोन घरें

दुपारचीं कामें आटोपून घटकाभर विसावणाऱ्या गृहिणीला रोज थोडी थोडी कथा ऐकवावी, ही कल्पना अमेरिकेंत प्रथम नभोवाणीवर रुजली. शिकागो येथें अर्ना फिलिप्स या लेखिकेनें १९३० मध्यें अशी एक कथा सुरू केली. पुढें साबणाचे कारखानदार या कथांचा खर्च सोसूं लागले. म्हणून त्यांस 'सोप ऑपेरा' हें कांहींसें थट्टेचें नांव मिळालें.

नभोवाणीवरून हा प्रकार दूरचित्रवाणीवर आला. ४ मे १९६४ रोजीं फिलिप्सबाई व विल्यम बेल यांची 'अनदर वर्ल्ड' ही मालिका एन्. बी. सी. या कंपनीनें दाखवावयास आरंभ केला. फिलिप्सबाईंच्याच 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' या १९५६ पासून चालत आलेल्या मालिकेची ही धाकटी बहीण व्हावी, असा मूळ बेत होता. परंतु थोरली बहीण सी. बी. एस. या प्रतिस्पर्धी कंपनीकडे होती. त्यामुळें तो बेत तडीस गेला नाहीं. मिचेल ड्रू नांवाचा एक वकील मात्र तिकडून इकडे आला. एका कथेंतील माणूस दुसरीकडे नेल्यास प्रेक्षकही त्याच्या मागोमाग येतील, असा हा हिशेब होता.

तोच हिशेब ३० मार्च १९७० रोजीं मोठ्या प्रमाणावर मांडण्यांत आला. बे सिटी या कल्पित गांवांतून सॅम लूकस, त्याची पत्नी लहोमा व मिसी मॅथ्यूज हीं परिचित माणसें सॉमरसेट या दुसऱ्या कल्पित गांवीं राहावयास गेलीं आणि 'सॉमरसेट' ही शाखामालिका जन्मास आली. आरंभीं मायलेकींना 'अनदर वर्ल्ड' हें एकच कुलनाम लावलेलें होतें. पण बे सिटींत सॅम हा कोणाचा भाऊ, कोणाचा मामा होता. येथें तो केवळ एक वकील उरला. पुढें हेन्री स्लेसर या रहस्यकथाकाराच्या हातीं लेखणी आली व त्यानें कौटुंबिक कथेस गुन्ह्यांचें आणि रहस्याचें वळण दिलें. माहेरची शिदोरी संपल्यावर लेकीनें स्वतःची चूल पेटविली, ती अशी. तरीही ३१ डिसेंबर १९७६ रोजीं हा संसार आटोपला.

मूळ मालिका मात्र वाढत होती. १९७५ मध्यें ती रोज एक तासाची झाली आणि १९७९ मध्यें चक्क दीड तासाची. एवढी कथा रोज पुरविणें कोणाही लेखकास जड जावें. ४ ऑगस्ट १९८० रोजीं ती पुन्हा एक तासाची करून 'टेक्सास' ही दुसरी लेक उभी करण्यांत आली. या खेपेस पाठवणी झाली ती आयरिस कॅरिंग्टन या गाजलेल्या पात्राची. ही भूमिका बेव्हर्ली मकिन्झी ही निपुण नटी करीत असे. आयरिस मुलाच्या भेटीस ह्यूस्टनला जाते व तेथेंच राहते, अशी योजना होती.

आयरिसचें तेज मात्र एकटीचें नव्हतें. धनाढ्य प्रकाशक मॅक कोरी याची ती लाडकी मुलगी. बापाची तरुण पत्नी रेचल हिच्याशीं तिचें हाडवैर. तें वैर बे सिटींतच राहिलें. आई एका खंबीर खलनायिकेस मुकली आणि लेकीस प्रतिस्पर्धिनी मिळाली नाहीं. शिवाय त्याच वेळेस 'जनरल हॉस्पिटल' ही अतिशय लोकप्रिय मालिका दुसरीकडे चालू असे. १९८१ मध्यें मकिन्झीबाई सोडून गेल्या. 'टेक्सास' संपली तीही ३१ डिसेंबरलाच, १९८२ सालीं.

प्रेक्षकांची माया माणसांहून त्यांच्या नात्यांवर अधिक असते, हें या दोन्ही प्रयोगांनीं दाखविलें. मूळ मालिका २५ जून १९९९ पर्यंत चालली. १९८८ मध्यें तींत आयरिस परत आली, ती कार्मेन डंकन या नटीच्या रूपानें. चेहरा नवा होता; पण बाप तोच होता, सावत्र आई तीच होती, आणि भांडणही तेंच होतें.