बंद शहराचे गणित

१९०५ सालच्या डिसेंबरात मुंबईत प्लेग पुन्हा वाढू लागला. दर आठवड्याला किती माणसे दगावली याची नोंद ठेवली जात होती. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले हे आकडे पुढे एडिंबरोच्या दोन संशोधकांनी वापरले. त्यांचा निबंध १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. साथीच्या रोगांच्या गणिताचा पाया म्हणून आज जगभर त्याचा उल्लेख होतो. मात्र त्या गणितात एक गोष्ट मुद्दामच सोडून दिलेली होती, ती म्हणजे माणसांची ये-जा. ती हिशेबात घेतल्यावर काय दिसते, ते आपण पाहू.

या संशोधकांपैकी अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. १९०१ साली ते रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर हिवतापाच्या मोहिमेवर सिएरा लिओनला गेले होते. रोगप्रसाराकडे गणिताच्या नजरेने पाहण्याचा आग्रह रॉस यांचाच. मॅकेंड्रिक यांनी कसौलीच्या पाश्चर संस्थेतही काम केले आणि १९२० साली प्रकृतीच्या कारणाने ते स्कॉटलंडला परतले. त्यांचे सहकारी विल्यम करमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांची दृष्टी कायमची गेली होती.

या दोघांनी शहरातील माणसांचे तीन गट पाडले. पहिला, रोग होऊ शकेल अशांचा. दुसरा, रोग झालेल्यांचा. आणि तिसरा, बरे झालेल्यांचा किंवा दगावलेल्यांचा. नव्या रोग्यांची संख्या पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, असे त्यांनी मानले. यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. पहिला गट एका विशिष्ट संख्येखाली गेला की एका रोग्यामागे सरासरी एकही नवा रोगी तयार होत नाही आणि साथ ओसरू लागते. म्हणजे साथ थांबण्यासाठी सगळ्यांना रोग व्हावाच लागतो असे नाही. मुंबईच्या आकड्यांना त्यांनी जे सूत्र लावले त्यात सतराव्या आठवड्याला, आठवड्याला ८९० मृत्यू, हे शिखर येते. प्रत्यक्ष आकडे या रेषेच्या अगदी जवळ बसले.

पण या गणितातले शहर बंद होते. बाहेरून कोणी येत नाही, आतून कोणी जात नाही, असे गृहीत धरले होते. खरी मुंबई तशी कधीच नव्हती. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. १८९१ च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती ८ लाख २१ हजारांच्या घरात होती. त्यातली जवळजवळ निम्मी माणसे १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहर सोडून गेली. त्याच महिन्यात साथरोगांचा कायदा झाला आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी होऊ लागली. तरीही प्लेग देशभर पसरलाच.

येथे आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगायला हवी. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो आणि मुंबईत तो ऋतुमानाप्रमाणे दरवर्षी चढत-उतरत असे. करमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या सूत्रात ना उंदीर होते, ना ऋतू. तरीही रेषा जुळली. रेषा जुळली म्हणजे कारण सापडले असे होत नाही, हा धडा याच निबंधातून घेता येतो. आपले गृहीतक पुरते लागू पडत नाही, हे लेखकांनाही माहीत होते. १९३२ सालच्या पुढच्या निबंधात त्यांनी जन्माने किंवा स्थलांतराने शहरात नव्याने भर पडणारी माणसे हिशेबात घेतली.

यापुढची पायरी म्हणजे अनेक शहरे जोडण्याची. प्रत्येक शहरासाठी वरीलप्रमाणे तीन गट मांडायचे आणि एका शहरातून दुसऱ्यात रोज किती माणसे जातात तो आकडा जोडायचा. सोव्हिएत संघात बारोयान आणि र्‍वाचेव्ह यांनी इन्फ्लुएंझासाठी असे काम केले. १९८५ साली र्‍वाचेव्ह आणि अमेरिकेचे लाँगिनी यांनी जगातील ५२ शहरांमधल्या विमानप्रवासाचे आकडे घेऊन, १९६८ सालचा हाँगकाँग फ्लू कसा पसरला असावा याचे गणित मांडले.

या गणिताचा गाभा फळ्यावर मांडता येतो. समजा, 'अ' गावातून रोज हजारातला एक माणूस 'ब' गावी जातो आणि 'अ' मधले रोगी दर चार दिवसांनी दुप्पट होतात. 'ब' मध्ये रोज सरासरी एक रोगी पोहोचायला 'अ' मध्ये हजार रोगी हवेत. एका रोग्यापासून सुरुवात केली तर दहा वेळा दुप्पट झाल्यावर १,०२४ होतात, म्हणजे सुमारे ४० दिवस लागतात. आता प्रवास ९० टक्के बंद केला. तर 'अ' मध्ये १०,००० रोगी व्हावे लागतील. त्याला सुमारे ५३ दिवस लागतात. ९९ टक्के बंद केला तर सुमारे ६६ दिवस. प्रवास दहापट घटवला की मिळतात ते जेमतेम तेरा दिवस!

२०२० साली चीनमधील वूहान शहराचा प्रवास बंद केल्यानंतरच्या काळाचा असाच अभ्यास झाला. चीनच्या इतर भागांत साथीची वाटचाल त्यामुळे केवळ तीन ते पाच दिवस लांबली, कारण विषाणू आधीच बाहेर पडला होता. इतर देशांत जाणारे रोगी मात्र काही आठवडे बरेच घटले. म्हणजे प्रवासबंदी निरुपयोगी नाही. ती वेळ मिळवून देते. त्या वेळात खाटा, तपासण्या, विलगीकरण यांची सोय केली आणि 'ब' गावात एका रोग्यामागे एकापेक्षा कमी नवे रोगी होतील अशी परिस्थिती आणली, तर आलेल्या रोग्यांमुळे मोठी साथ पेटत नाही. ती आणली नाही, तर वेळ नुसता निघून जातो.

याच गणिताची दुसरी बाजू भारताने पाहिली. २०२० च्या २५ मार्चपासून देशात टाळेबंदी लागू झाली. गावी निघालेले असंख्य मजूर शहरांत अडकले. कित्येक पायी निघाले. त्यांच्यासाठी विशेष रेल्वेगाड्या १ मेपासून सुरू झाल्या. मधल्या पाच आठवड्यांत मुंबईतला संसर्ग वाढत होता. हजार माणसे आज निघाली काय आणि संसर्ग दुप्पट झाल्यावर निघाली काय, संख्या तीच. पण दुसऱ्या वेळी त्यांच्यातले रोगी दुप्पट असतात. गावाच्या वेशीवर अडवल्या गेलेल्या माणसाला मात्र रोग आणल्याचा दोष लागला. जाण्याची वेळ त्याने ठरवलेली नव्हती.

वर्गात विद्यार्थ्यांचे दोन गट करून चिठ्ठ्यांच्या मदतीने हा खेळ मांडून पाहावा. दुप्पट होण्याचा काळ बदलावा, प्रवाशांची संख्या बदलावी आणि मिळालेले दिवस मोजावेत. आपण काय गृहीत धरले, ते सुरुवातीलाच फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवावे. उत्तर कितपत खरे मानायचे, हे त्या यादीवरून ठरते.