सायकलवाल्याच्या हाडांचा हिशेब : अपघात भरपाईच्या कायद्याचा इतिहास आणि आपला हक्क

मोटारीने उडवलेल्या सायकलस्वाराला न्यायाधिकरणात जे प्रश्न विचारले जातात, त्यांतला सर्वात महागात पडणारा प्रश्न असतो, 'तुमचं महिन्याचं उत्पन्न किती?' हाड कोणाचेही मोडले तरी दुखणे सारखेच असते. पण त्या मोडलेल्या हाडाची भरपाई उत्पन्नाच्या आकड्यावर ठरते. आणि या देशात कोणाचे उत्पन्न किती असावे, हे शेकडो वर्षे जातीने ठरवले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात आपण एका माणसाला एक मत आणि एक मूल्य देऊ, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात हे 'एक मूल्य' नाकारतच राहू. अपघात भरपाईच्या कायद्याचा इतिहास हा याच विसंगतीचा इतिहास आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आजही सायकल चालवतो तो कोण? रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन, एमआयडीसीतला कंत्राटी कामगार, बिगारी, भाजीवाला, शाळेत जाणारी वस्तीतली मुलगी. एकेकाळी अनेक गावांत आपल्या माणसाला सवर्णांच्या आळीतून सायकलवर बसून जायची सोय नव्हती, खाली उतरून ती हातात धरून चालावे लागे. म्हणून सायकलवर बसणे हीच एक बंडखोरी होती. १९८३ मध्ये मान्यवर कांशीराम यांनी डीएस-४ ची सायकल यात्रा काढली आणि पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९८४ रोजी, बहुजन समाज पक्ष उभा राहिला. ज्या वाहनावरून आपली चळवळ गावोगाव पोहोचली, त्या वाहनाला आजच्या रस्त्यावर सर्वात खालची पायरी मिळाली आहे.

भरपाईचा हक्क कसा आला?

इंग्रजांनी १८५५ मध्ये प्राणघातक अपघातांचा कायदा केला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याची पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांच्यासाठी नुकसानभरपाई मागता येऊ लागली. पण मार्ग होता दिवाणी दाव्याचा. कोर्ट फी भरा, वकील लावा, चूक सिद्ध करा आणि वर्षानुवर्षे तारखा मोजा. ज्याच्या घरात दुसऱ्या दिवसाचे पीठ नव्हते, त्याला हा कायदा असून नसल्यासारखा होता.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आणि ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. याचा अर्थ नीट समजून घ्या. सायकलस्वार हा 'थर्ड पार्टी' आहे. त्याला स्वतःचा विमा लागत नाही, लायसन्स लागत नाही. त्याची भरपाई मोटारमालकाच्या विमा कंपनीने द्यायची असते. मोटारीला विमाच नसेल तर चालक आणि मालक जबाबदार असतात. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद केली. दिवाणी कोर्टाच्या चक्रातून हा दावा थोडा मोकळा झाला.

तरीही मोटारवाल्याची चूक जखमी माणसानेच सिद्ध करायची, ही अट राहिली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात तीच अट पक्की केली. बेशुद्ध पडलेला सायकलवाला गाडीचा वेग कसा सांगणार? न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालपत्रांतून या अन्यायावर बोट ठेवले, आणि अखेर १९८२ मध्ये संसदेने 'चूक कोणाची' हे न विचारता द्यायची रक्कम कायद्यात आणली : मृत्यूला १५,००० रुपये, कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. १९८८ च्या नव्या कायद्यात हे आकडे २५,००० आणि १२,००० झाले, १९९४ मध्ये ५०,००० आणि २५,०००. रक्कम तुटपुंजीच होती, पण तत्त्व मोठे होते. मोटार रस्त्यावर आणणाऱ्याने तिच्या धोक्याची जबाबदारी घ्यायची, हे त्यात मान्य झाले.

१९९४ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी दिल्या. पूर्वी अपघात झाला त्या भागातच दावा लावावा लागे, आता जखमी माणूस जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही लावता येतो. ऊसतोडीला, वीटभट्टीला परजिल्ह्यात गेलेल्या आपल्या माणसांसाठी ही फार मोठी सवलत आहे. दुसरे म्हणजे, १९८८ मध्ये घातलेली सहा महिन्यांची मुदत काढून टाकली.

पण त्याच दुरुस्तीत एक तक्ता आला. ज्याला उत्पन्न नाही त्याचे वर्षाचे मानीव उत्पन्न १५,००० रुपये, म्हणजे दिवसाला जेमतेम ४१ रुपये. गृहिणीचे उत्पन्न नवऱ्याच्या एक तृतीयांश. काही न्यायालयांनी हा तक्ता बाजूला ठेवून जास्त रक्कम दिली, पण कायद्याच्या पुस्तकात हा आकडा २०१८ पर्यंत तसाच राहिला. मनूने माणसांच्या पायऱ्या लावल्या, तक्त्याने त्या पायऱ्यांवर किमती लावल्या.

न्यायालयात मिळालेल्या जागा

या भिंतीला भगदाडे पाडली ती जखमी माणसांनीच. हार न मानता सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या या साध्या माणसांचे निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवेत.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालाने सांगितले की डॉक्टरच्या दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाचा पगार बहुधा चालू राहील, पण ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडेल. शरीराने राबणाऱ्यासाठी याहून महत्त्वाचे तत्त्व नाही. गवंड्याच्या गुडघ्याला ३० टक्क्यांचा दाखला मिळाला, तरी तो परातीवर चढू शकत नसेल तर नुकसान ३० टक्क्यांचे नाही, हे त्याच्या साक्षीत आलेच पाहिजे.

सय्यद सादिक (२०१४) या प्रकरणात पाय गमावलेल्या भाजीविक्रेत्याकडे उत्पन्नाचा पुरावा नव्हता. असा पुरावा मागण्याचे कारणच नव्हते, भाजीवाला महिन्याला ६,५०० रुपये कमवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. आणि २०२० च्या काजल प्रकरणात, कायमचे शंभर टक्के अपंगत्व आलेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी न्यायालयाने ४१ रुपयांचा तक्ता न धरता किमान वेतन धरले, शिवाय तिची काळजी घेणाऱ्या माणसांच्या श्रमाचेही पैसे मोजले.

हे किमान वेतन कुठून आले? १९४६ मध्ये मजूर मंत्री या नात्याने बाबासाहेबांनी किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. ज्याच्याकडे पगारपत्रक नाही, बँकेचे पासबुक नाही, त्याच्या अंगाखाली आज न्यायाधिकरणात जी जमीन आहे ती बाबासाहेबांनी घातलेली आहे. मात्र किमान वेतन हा खालचा आधार आहे, वरची मर्यादा नाही. जास्त कमावत असाल तर तसे सांगा आणि मुकादमाची, ठेकेदाराची, शेजाऱ्याची साक्ष द्या.

फरक किती पडतो ते पाहा. तीस वर्षांच्या माणसासाठी १७ चा गुणक लागतो. कमाईचे नुकसान ४० टक्के धरले आणि उत्पन्न महिना ६,००० मानले, तर या एका बाबीचे ४,८९,६०० रुपये होतात. तेच उत्पन्न १२,००० सिद्ध झाले तर ९,७९,२०० रुपये. अपघात तोच, पाय तोच.

आज काय हिरावले जात आहे?

२०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. चूक न पाहता मिळणारी रक्कम मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख झाली. ऐकायला बरे वाटते. पण जुनी रक्कम पूर्ण दाव्याच्या आधीचा आधार होती. ती घेऊन पुढे लढता येत होते. आता विमा कंपनीशी तडजोडीत ही रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. पाय गेलेल्या तरुणाने अडीच लाखांवर सही करण्यापूर्वी वरचा हिशेब मांडून बघावा.

दुसरे, १९९४ मध्ये गेलेली सहा महिन्यांची मुदत परत आणली. १९८८ च्या कायद्यात उशीर माफ करण्याची सोय तरी होती, नव्या कलमात तीही नाही. ज्याच्या पायात सळई आहे, दुसरे ऑपरेशन बाकी आहे, त्याचे सहा महिने खाटेवरच जातात. म्हणून अपंगत्वाच्या दाखल्याची वाट पाहू नका. दावा आधी दाखल करा, दाखला नंतर जोडता येतो.

आमच्या कामात आम्ही वस्त्यांमधून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पाहतो. अपघाताच्या रात्री गाडीवाल्याचा कोणी माणूस दवाखान्यात येतो, पाच-दहा हजार हातावर ठेवतो आणि 'केस कशाला करता, गरिबाला कोर्ट परवडत नाही' म्हणतो. घाबरलेले घर अंगठा देते. हा दयेचा व्यवहार आहे, आणि दयेच्या व्यवहारात रक्कम नेहमी देणारा ठरवतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी ही कामे हातात घ्यावीत. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत घ्या. सायकल भंगारात देऊ नका, तिचे आणि जागेचे फोटो काढा. 'सायकलवालाच आडवा आला' हा बचाव ठरलेला असतो आणि तो मान्य झाला की भरपाईत कपात होते, म्हणून साक्षीदाराचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवा. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, रिक्षाभाड्याच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. सेवेसाठी आईने किंवा बायकोने काम सोडले असेल तर तेही दाव्यात लिहा. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही, कारण दोन्हींची पुराव्याची फूटपट्टी वेगळी आहे. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. 'कोर्ट परवडत नाही' याला हेच उत्तर आहे.

जोपर्यंत भरपाई उत्पन्नावर मोजली जाते, तोपर्यंत अधिकाऱ्याचा पाय आणि बिगाऱ्याचा पाय एका तराजूत येणार नाहीत. तो तराजू बदलण्याची मागणी आपण केलीच पाहिजे. पण तोवर, आज जखमी पडलेल्या आपल्या माणसाचे उत्पन्न, श्रम आणि वेदना एका रुपयानेही कमी लिहिल्या जाऊ नयेत, एवढे तरी आपल्या हातात आहे. शाखेच्या प्रत्येक बैठकीत एक प्रश्न ठेवा : या सहा महिन्यांत आपल्या वस्तीत कोणाला गाडीने उडवले, आणि त्याचा दावा दाखल झाला का?

जय भीम!