एका वाडग्याचीं चार नांवें

खाद्यपदार्थांचा इतिहास लिहिणें हें आमच्याकडील विद्वानांस अद्यापि थोडें कमीपणाचें वाटतें. तहनामे आणि सनदा ह्यांचीं बाडें चाळणारा मनुष्य स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशीं येऊन थांबतो; कारण तेथें त्यास कागद मिळत नाहीं. परंतु ज्या गोष्टी कागदावर लिहावयास लोकांस लाज वाटते, त्या कधीं कधीं पानांत वाढलेल्या पदार्थाच्या नांवांत राहून जातात. ह्याचा अनुभव आम्हांस गेल्या शरदऋतूंत टोकियो शहरीं, रामेनच्या एका दुकानांत आला. तो वाचकांपुढें ठेवावा एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

टोकियोच्या मध्यभागीं कान्दा नांवाचा भाग आहे. (नांव ऐकून आम्हांस प्रथम हसूं आलें, हें कबूल केलें पाहिजे.) त्यांतच जिंबोच्यो ही जुन्या पुस्तकांची प्रसिद्ध पेठ आहे. तेथें सकाळ घालवून दुपारीं आम्ही यजमानांसह जेवावयास निघालों. यजमान इतिहासाचे निवृत्त अध्यापक, वयानें पंचाहत्तरीचे, इंग्रजी सावकाश पण नेमकें बोलणारे. त्यांनीं आम्हांस ज्या दुकानापुढें नेऊन उभें केलें त्याची कीर्ति मोठी, पण दार लहान. बाहेर पंधरावीस माणसें मुकाट्यानें रांगेंत उभीं होतीं. दाराशीं एक यंत्र. त्यांत पैसे टाकून तिकीट घ्यावयाचें व तें आचाऱ्याच्या हातीं द्यावयाचें. आंत एक लांब फळी, तिच्यापुढें नऊ बैठका, आणि फळीपलीकडे वाफेंत उभा असलेला आचारी. कोणी कोणाशीं बोलत नव्हतें. ऐकूं येत होता तो केवळ शेवया ओढण्याचा आवाज. आमच्या पंक्तींत ताकाच्या भुरक्याला जी मुभा आहे, तीच तेथें ह्या पदार्थाला आहे.

वाडगा पुढें आला. ज्यांच्या घरीं मांस शिजत नाहीं त्या वाचकांनीं क्षमा करावी, पण हाडांच्या रश्श्यावांचून ही कथा सांगतां येत नाहीं. तळाशीं सोयाबीन आंबवून केलेल्या शोयूची खारट चव, त्यावर कोंबडीच्या व डुकराच्या हाडांचा तासन्‌तास उकळलेला रस्सा, त्यांत गव्हाच्या पिवळसर शेवया, आणि वर मांसाचे काप, आंबवलेले बांबूचे कोंब व कांद्याची पात. शेवयांचा पिवळेपणा अंड्याचा नव्हे. कणीक मळतांना तींत ‘कान्सुई’ नांवाचें खारें पाणी घालतात, त्यामुळें रंग आणि चिवटपणा दोन्ही येतात. आमच्या पापडखाराचाच हा भाऊबंद म्हणावयास हरकत नाहीं. खाराची ही युक्ति मूळची चीनची आहे, आणि येथूनच इतिहासास आरंभ होतो.

१८५९ सालीं योकोहामा बंदर परदेशी व्यापारास खुलें झालें, तेव्हां पाश्चात्य व्यापाऱ्यांबरोबर चिनी दुभाषे, शिंपी व आचारीही तेथें येऊन राहिले. त्यांच्या वस्तीस लोक ‘नान्किनमाची’, म्हणजे नानकिंगची पेठ, म्हणत. आणि त्यांच्या शेवयांस ‘नान्किन सोबा’. वाडग्याचें हें पहिलें नांव. १९१० सालीं ओझाकी कानइची ह्या जपानी गृहस्थानें टोकियोच्या असाकुसा भागांत ‘राइराइकेन’ हें दुकान काढलें व योकोहामाहून चिनी आचारी आणून कामास लावले. दुकानाच्या नांवाचा अर्थ साधारणपणें ‘या, या’ असा होतो. आणि लोक खरोखरच आले. पुढें तें दुकान जागा बदलीत शेवटीं ह्याच कान्दा भागांत येऊन १९७६ सालीं बंद झालें. त्या काळांत पदार्थाचें दुसरें नांव रूढ झालें होतें, ‘शिना सोबा’. म्हणजे चीनच्या शेवया.

आतां ह्या ‘शिना’ शब्दाची कथा आमच्या घरापाशीं येऊन पोंचते. संस्कृतांतील ‘चीन’ हा शब्द, चिनी पंडितांनीं बौद्ध ग्रंथांचीं भाषांतरें केलीं तेव्हां, चिनी अक्षरांत उतरला, व त्या ग्रंथांबरोबर जपानांत गेला. आमच्या काव्यांत ‘चीनांशुक’ म्हणजे उंची रेशमी वस्त्र. त्या शब्दांत तुच्छतेचा लवलेशही नाहीं. परंतु १८९४-९५ च्या युद्धांत जपाननें चीनचा पराभव केला, आणि तेव्हांपासून तोच शब्द जपानी तोंडीं हळूहळू हेटाळणीचा होत गेला. १९३७ सालीं जपानी सैन्य चीनमध्यें खोल शिरलें. ज्या नानकिंगच्या नांवानें योकोहामाचे लोक पूर्वीं शेवया मागत, त्या नगरांत डिसेंबर महिन्यांत त्या सैन्यानें जो संहार केला तो जगास ठाऊक आहे.

१९४५ सालीं जपानचा पराभव झाला. कोरिया व फोर्मोसा येथून येणारा तांदूळ थांबला, त्या वर्षीचें पीकही बुडालें. काळ्या बाजाराचे खटले चालविणारे यामागुची नांवाचे एक न्यायाधीश काळ्या बाजारांतलें अन्न खाण्यास नकार देऊन १९४७ सालीं उपासानें मरण पावले. इतरांनीं तें अन्न खाल्लें आणि ते जगले. अमेरिकेहून गहूं येऊं लागला, आणि चीनमधून परतलेल्या सैनिकांनीं व वसाहतवाल्यांनीं त्या पिठाच्या शेवया हातगाड्यांवर विकावयास आरंभ केला. १९४६ सालीं सरकारनें ‘शिना’ शब्द टाळावा असें फर्माविलें, तेव्हां ‘च्यूका सोबा’ हें तिसरें, सभ्य नांव पुढें आलें. चौथें नांव ‘रामेन’. तें चिनी शब्दावरूनच आलें असावें. पण १९५८ सालीं आन्दो मोमोफुकु ह्यांनीं झटपट शिजणाऱ्या शेवया बाजारांत आणल्या व तें नांव घरोघरीं पोंचविलें. हे आन्दो जन्मले १९१० सालीं, फोर्मोसा बेटांत, वू ह्या चिनी कुळांत! आज जग ज्यास अस्सल जपानी अन्न म्हणतें, त्याची कुळकथा ही अशी आहे.

हें सारें आम्हीं पुस्तकांतही वाचलें असतें. जें पुस्तकांत नव्हतें तें यजमानांनीं दुकानाबाहेर, रांगेंत उभे असतांना सांगितलें. त्यांचे वडील १९४६ सालीं मांचुरियांतून परतले व सहा वर्षें गाडी ओढून शेवया विकीत असत. गाडी आल्याची खूण म्हणून ‘चारुमेरा’ हें सनईच्या जातीचें लहान वाद्य ते वाजवीत. पुढें धंदा बदलला, पण घरीं वाडगा पुढें आला कीं ते ‘शिना सोबा’ असेंच म्हणावयाचे. १९६९ सालीं यजमान वीस वर्षांचे, विद्यापीठांत चळवळींचे दिवस. एके रात्रीं जेवतांना त्यांनीं वडिलांस ह्या शब्दाबद्दल कडक बोल लावले. म्हाताऱ्यानें काड्या खालीं ठेवल्या. त्यानंतर तो शब्द त्या घरांत उच्चारला गेला नाहीं. आणि चीनविषयीं दुसरेंही कांहीं उच्चारलें गेलें नाहीं.

“मुलगा म्हणून मी बोललों तें खरें होतें,” यजमान म्हणाले, “पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मीं मोठा प्रमाद केला. शब्द बंद केला, त्याच्याबरोबर साक्षीदारही बंद केला. ते तेथें सात वर्षें होते. मीं एकदांही विचारलें नाहीं, कीं आपण तेथें काय पाहिलें, काय केलें.”

आम्ही निरुत्तर झालों. जीं नांवें दुसऱ्यास दुखवितात तीं बदलावींत ह्यांत आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. आमच्या गांवांतील किती वाड्यांचीं व किती जातींचीं नांवें अशींच बदलणें अवश्य होतें, आणि तें योग्यच झालें. परंतु जुनें नांव पुसतांना तें कोणीं, कां व कोणाच्या पाठीवर लिहिलें होतें हें विचारून ठेवण्याचें काम राहून जातें; आणि तें काम ज्यांच्या तोंडीं तें नांव अजून आहे त्यांच्यापाशींच बसून करावें लागतें. त्यांस गप्प करणें सोपें आहे. त्यांचें ऐकून घेणें जड जातें.

आमचा वाडगा अर्ध्यावर राहिला होता. यजमानांनीं आपला दोन्ही हातांनीं उचलून रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला व वाडगा फळीवर अलगद ठेवला. “वडील असेंच करीत,” एवढेंच ते म्हणाले. मागें रांग होती, म्हणून आम्ही उठलों.