सातपुड्यांतील शाळा आणि चित्रांचें वाचन

लहान मुलाच्या हातीं पहिलें पुस्तक कोणतें द्यावें, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अक्षरओळखीच्या अंगानेंच सोडविला गेला आहे. परंतु नंदुरबार जिल्ह्यांत, अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यांतील एखाद्या पाड्यावरचें मूल शाळेच्या पायरीशीं येतें, तेव्हां त्याच्या तोंडीं पावरी किंवा भिली असते आणि पुस्तक असतें मराठींत. ‘क कमळाचा’ हें त्यानें पाठ म्हटलें, तरी कमळाविषयीं त्याला कांहीं बोलावेंसें वाटेलच असें नाहीं.

अक्षरासाठीं चित्र ही रीति जुनी आहे. कोमेनियसनें १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें मुलांसाठीं सचित्र ग्रंथ छापविला, तो लॅटिन शब्द शिकविण्यासाठीं. आपल्याकडे सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें ‘बाळमित्र’ १८२८ सालीं निघालें; त्यांत बोधाला अग्रमान. १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं ‘आनंद’ मासिक काढलें, तेव्हां मुलांच्या रंजनाला घरांत जागा मिळाली. शाळेंतील चित्र मात्र पुढेंही बराच काळ अक्षराचें ओझें वाहत राहिलें.

चित्रच वाचावयाचें, ही कल्पना मात्र आपणांस परकी नाहीं. कोंकणांत पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुटीं चित्रें एकामागून एक दाखवीत रामायण-महाभारतांतील आख्यानें सांगत आले. नंदुरबारला त्याहून जवळचें उदाहरण नर्मदेपलीकडचें आहे. छोटा उदेपूर व अलीराजपूरकडील राठवा आणि भिलाला घरांतून पिठोऱ्याच्या घोड्यांनीं भिंत भरते. हें चित्र ‘काढीत’ नाहींत, ‘लिहितात’. लिहिणाऱ्यास लखारा म्हणतात. पुढें बडवा जमलेल्या मंडळींसमोर एकेक आकृति ओळखून सांगतो. सातपुड्यांतील प्रत्येक पाड्यावर ही चाल आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या मुलुखाच्या शेजारीं भिंत वाचली जाते, तेथील मुलांस ‘निरक्षर घरचीं’ म्हणून बाजूस सारणें आम्हांस घाईचें वाटतें.

ही घाई न करणारे शिक्षक महाराष्ट्रांत झाले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठीं शाळा चालविल्या. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं तर शाळाच कुरणांत नेली. नंदुरबारच्या नर्मदाकांठीं, सरदार सरोवराच्या बुडितांतील गांवांत, १९९० नंतरच्या दशकांत नर्मदा बचाव आंदोलनाच्या साह्यानें जीवनशाळा उभ्या राहिल्या आणि मुलाची बोली शिकविण्यांत आली.

मराठींत स्वस्त चित्रपुस्तकांची अडचणही आतां पूर्वीएवढी उरलेली नाहीं. नॅशनल बुक ट्रस्टचें नेहरू बाल पुस्तकालय आहे. २००४ सालीं स्थापन झालेली प्रथम बुक्स ही संस्था आहे. खरी अडचण पुस्तक उघडल्यावर सुरू होते. गुरुजी चित्रावर बोट ठेवून विचारतात, “हें काय?” मूल म्हणतें, “झाड.” “शाबास!” आणि पान उलटतें. एवढ्यानें एक शब्द मिळाला खरा. पण त्या झाडावर कोण चढलें, खालीं उभी असलेली मुलगी कोणाची वाट पाहते, पुढल्या पानावर काय होईल, हें विचारावयाचें राहूनच गेलें. या प्रश्नांस एकच उत्तर नसतें, म्हणून परीक्षेची संवय जडलेल्या शिक्षकास ते गैरसोयीचे वाटतात. आणि उत्तर पावरींत आलें तर? पुष्कळ वर्गांत तें चुकलेलें मराठी म्हणून खोडलें जातें आणि मूल पुन्हा गप्प बसतें.

मणिबेलीसारख्या गांवचें पाणी चढतांना पाहिलेल्या घरांतील मुलास नदीचें चित्र दाखविलें, तर तो सांगेल ती गोष्ट पुस्तकाच्या लेखकानें लिहिलेली नसेल. तिच्यांत घर पाण्याखालीं असेल, कदाचित् माशांस दार उघडतां येत असेल. गुरुजींनीं ती तशीच, त्याच्याच शब्दांत, फळ्यावर लिहून घ्यावी. मराठी शब्द शेजारीं मागाहून लिहितां येतात.