गाळ कुणाचा? नांदूर मधमेश्वरचा थोडा इतिहास



आज फवारणीचं वेळापत्रक नाही, कांद्याचा भाव पण नाही. आज जरा मागचं लिहितो. कारण परवाच्या रविवारी एकाच दिवसात दोन गोष्टी झाल्या. सकाळी मी नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर पक्षी मोजायला गेलो होतो. संध्याकाळी गावातली चार वडीलधारी माणसं ओट्यावर आली, ग्रामसभेच्या ठरावावर सही घ्यायला. ठराव एका ओळीचा होता : बंधाऱ्यातला सगळा गाळ काढा.

मी म्हटलं, "आण्णा, दोन दिवस द्या." आण्णा म्हणाले, "पक्षी येऊन तुझी सोयाबीन वाचवणार आहेत का रे?" उत्तर माझ्याकडं नव्हतं. म्हणून जे माहीत आहे ते मुळापासून लिहून काढतोय.

आपला निफाड तालुका गोदाकाठचा, पण घाटाच्या पर्जन्यछायेतला. पाऊस पडतो तो इगतपुरी-त्र्यंबकला, आणि नदी आपल्या दारावरून पुढं जाते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन मोठे दुष्काळ दख्खनमध्ये पडले. त्यानंतर इंग्रज सरकारनं दुष्काळी पट्ट्यासाठी कालव्यांची कामं हाती घेतली. त्यातलंच आपलं काम. वर दारणा धरणात पाणी साठवायचं, ते नदीतून सोडायचं, आणि गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूर मधमेश्वरला बंधारा घालून डाव्या-उजव्या कालव्यात वळवायचं. हा बंधारा १९०७ ते १९१३ या काळात झाला.

म्हणजे बघा, हा बंधारा पाणी वळवायला बांधला. पक्ष्यांचा विचार करून कुणी एक दगड ठेवलेला नाही. खाली कोपरगाव, राहात्याकडं कालवे गेले, ऊस आला, साखर कारखाने आले. वरच्या अंगाला आम्ही. आमच्या वाट्याला आला फुगवटा. माझे आजोबा म्हणायचे, "पाणी त्यांचं, फुगवटा आपला."

आता गाळाचं. पावसाळ्यात नदी माती घेऊन पळत येते. बंधाऱ्यापाशी जमीन सपाट, पाण्याचा वेग मोडतो आणि माती खाली बसते. दरवर्षी थोडी थोडी. शंभर वर्षांत साठ्याचा बराचसा भाग गाळानं भरला. पाणी पसरट झालं, मधे बेटं तयार झाली, त्यावर बाभळी वाढल्या, काठाला पाणकणीस आणि लव्हाळा माजला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबानं हे नुकसानच.

पण पाणी उथळ झालं म्हणूनच पक्षी आले. हे मला पुष्कळ उशिरा समजलं. बरीचशी बदकं खोल पाण्यात बुडी मारत नाहीत. ती डोकं खाली, शेपूट वर करून तळ चाळतात. तुतवारीसारखे छोटे पक्षी तर पाऊल बुडेल एवढ्याच चिखलात चरतात. कालव्याला आवर्तन सुटलं की इथली पातळी उतरते, चिखल उघडा पडतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथं पक्ष्यांची पंगत बसलेली असते. खोल धरणाच्या मधोमध ही पंगत दिसायची नाही.

त्याच चिखलावर आमच्या घरानं पण खाल्लंय. उन्हाळ्यात फुगवटा उतरला की आजोबा गाळपेर करायचे. टरबूज, खरबूज. खत घालायची गरज नव्हती. म्हणजे त्या गाळावर पक्षी आणि आम्ही दोघं बरोबरच जगत होतो.

१९८६ साली सरकारनं अभयारण्य जाहीर केलं. मी नववीत होतो. डॉ. सलीम अली या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणाले होते असं सगळे अभिमानानं सांगतात, पण आमच्या गावात तेव्हा अभिमान नव्हता, भीती होती. क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर, पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. जमीन जाणार, विहीर खोदू देणार नाहीत, असं काहीबाही पारावर चालायचं. समजावून सांगायला आमच्याकडं कुणी आल्याचं मला आठवत नाही.

त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात करकोचे आमच्या हरभऱ्यात उतरले. तेव्हा आम्ही सगळ्याच उंच पक्ष्यांना करकोचे म्हणायचो. ते क्रौंच होते हे आता कळतं. रात्री पाण्यात उभे राहतात, दिवस उगवला की रानात चरायला येतात. दोन सकाळींत त्यांनी अर्धा एकर उकरला. तिसऱ्या दिवशी मी गोफण घेऊन बसलो. दगड एकाला लागला, पंख मोडला. तो दिवसभर बांधाला बसून होता आणि दुसरा वरून घिरट्या घालून ओरडत होता. रात्री कोल्ह्यानं नेला असावा. सकाळी फक्त पिसं होती. वडील काही बोलले नाहीत. आई एवढंच म्हणाली, "हरभरा बी आपला अन् पाप बी आपलंच."

पुढं पंचवीस वर्षं मी पाण्याकडं पाठ करून शेती केली. मग शेजारचा पोरगा गाइड झाला. पुण्या-मुंबईचे लोक दुर्बिणी घेऊन यायला लागले होते आणि गावातली पोरं त्यांना पक्षी दाखवायला लागली होती. तो एकदा म्हणाला, "काका, तुम्हाला काठ पाठ आहे. जानेवारीत मोजायला चला." गेलो. तेव्हापासून जातोय.

आशिया खंडात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची अशी मोजणी होते. आपल्या देशात ती १९८७ पासून सुरू आहे. काम अगदी साधं, पैसा मिळत नाही. उजाडायच्या आत ठरलेल्या जागी उभं राहायचं. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजून डोळ्यात बसवायचे आणि तेवढे तेवढे तुकडे करत पुढं जायचं. एक जण सांगतो, दुसरा लिहितो. पाण्याची पातळी पण लिहायची. नावं मी तिथंच शिकलो. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी, चपट्या चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचा तलवार बदक, आणि हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब. यातल्या बऱ्याच पक्ष्यांना मराठी वाचकांपर्यंत मारुती चितमपल्लींनी आणलं. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून राज्यात त्या आठवड्यात पक्षी सप्ताह असतो.

२०२० च्या जानेवारीत बातमी आली की नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. रामसर हे इराणमधलं गाव, तिथं १९७१ साली पाणथळ जागांचा करार झाला, भारत त्यात १९८२ ला आला. यादीत आपलं क्षेत्र १,४३७ हेक्टर आणि एकूण ५३६ प्रजातींची नोंद आहे. त्या यादीत पाणवेलीचा आणि पाणीउपशाचा धोकापण लिहिलेला आहे.

पण त्याच्या पाचच महिने आधी, ४ ऑगस्ट २०१९ ला, गोदावरीला महापूर आला होता. सायखेडा, चांदोरीत पाणी शिरलं. २००८ ला आणि २०१६ ला पण शिरलं होतं. माझी दोन एकर सोयाबीन चार दिवस पाण्याखाली होती, नंतर नुसता वास. पात्रात गाळ आहे, पाण्याला जायला जागा नाही, फुगवटा मागं चढतो, हे आण्णांचं म्हणणं खोटं नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला पट्टकादंबाचं कौतुक सांगायला मी जाणार नाही.

मग करायचं काय? इथं मला खऱ्या भरतपूरची गोष्ट महत्त्वाची वाटते. तेपण माणसानंच बांध घालून केलेलं पाणी आहे, अठराव्या शतकात. १९८२ साली तिथं म्हशींची चराई एकदम बंद केली. त्यावरून गोळीबार झाला, माणसं मेली. आणि पुढं काय दिसलं? म्हशी खायच्या ते गवत एवढं माजलं की उघडं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांचीच अडचण झाली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासातच हे आलं. म्हणजे "काहीही हात लावू नका" हे पण दर वेळी बरोबर नसतं. माणसानं केलेली पाणथळ माणसानंच राखावी लागते.

म्हणून "सगळा गाळ काढा" हे मला पटत नाही आणि "गाळाला हातच लावू नका" हे पण पटत नाही. सगळा काढला तर पाणी खोल होईल, बदकं जातील, आणि ज्या पोरांची चूल गाइडच्या कामावर पेटते ती पोरं पुन्हा कामाला शहराकडं जातील. काहीच नाही केलं तर पूर आहेच.

ठरावाला माझ्याकडून तीन ओळी जोडतोय. एक, गाळ मुख्य धारेतला आणि बंधाऱ्याच्या तोंडाशी साचलेला काढावा, बेटं आणि काठचा उथळ भाग राखावा. दोन, काम पाहुणे पक्षी परतल्यावर, उन्हाळ्यात व्हावं, आणि पाणवेल पण तेव्हाच ओढावी. तीन, कुठं किती खणायचं हे ठरवताना पाटबंधारे, वन विभाग आणि काठची गावं एकत्र बसावीत, आणि मोजणीच्या वह्या समोर असाव्यात. कुठल्या जागी किती पाण्यात कोणता पक्षी बसतो, हे त्या वह्यांत वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. आम्ही थंडीत कुडकुडत लिहिलं ते कुठंतरी कामाला यावं, एवढंच.

काल रात्री जाऊन आण्णांना हे वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तिसरी ओळ बरी आहे. पहिल्या दोनवर भांडण होईल." होऊ द्या. ग्रामसभा २६ जानेवारीला आहे. तिथं हात वर करून बोलणार.

हरभरा यंदा पण पाण्याच्या कडेलाच पेरलाय. सकाळी सात क्रौंच उतरले होते. डबा वाजवला, उडून गेले. गोफण घरात आहे, पण ती आता खुंटीवरच असते.

तुमच्या भागातल्या तलावात, बंधाऱ्यात गाळ काढला असेल तर नंतर पाण्याचं आणि पक्ष्यांचं काय झालं ते मला जरूर कळवा. ग्रामसभेत सांगायला उपयोगी पडेल.